एकेचाळिसावा शिंपला

आमच्या वाडीत दोर सोडणाऱ्याला मारत नाहीत, शिव्याही देत नाहीत. रापण ओढताना, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही अंगांनी दोर धरून ते लांबलचक जाळं समुद्रातून वाळूवर आणताना, कोणी मध्येच दोर सोडून गेला तर त्याचा मासळीचा वाटा नेहमीसारखाच वाळूवर घालतात. त्याच्या खुणेचा शिंपला वर ठेवतात आणि सगळे पाठ फिरवून घरी जातात. तो वाटा कोणी उचलायचा नाही, त्यानेही नाही. कावळे-कुत्रे काय करायचं ते करतात. लहानपणी मी हे एकदाच पाहिलं. ज्याच्यावर ती पाळी आली तो माणूस महिन्याभरात वेंगुर्ल्याला निघून गेला आणि आईच्या बाराव्यालाही आला नाही.

मी दत्ताराम. मालवणाजवळच्या या वाडीतल्या प्राथमिक शाळेचा मास्तर आणि मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. रापण चाळीस घरांची. एकेचाळिसावा वाटा माझा. दोराला हात न लावता मिळणारा, लिहिणाऱ्याचा वाटा. गावात लिहितावाचता येणारा एकच माणूस असला की लोक त्याला शहाणा समजतात. हळूहळू तोही स्वतःला तसाच समजायला लागतो, आणि खरं वाटोळं तिथूनच सुरू होतं.

वाटे घालायची आमची रीत अशी. मासळीचे एकेचाळीस ढीग वाळूवर मांडायचे. प्रत्येकाचा एक शिंपला, त्याच्यावर त्याची खूण. कोणाच्या शिंपल्याला खाच, कोणाच्या भोक, कोणाला शेंदूर. माझ्या शिंपल्यावर शाईचा ठिपका. हे सगळे शिंपले एका करवंटीत. ज्या घरात त्या वर्षी मयत झालं असेल त्या घरातल्या माणसाने ढिगांकडे पाठ करून एकेक शिंपला मागे द्यायचा आणि दुसऱ्याने तो ओळीने ढिगांवर ठेवायचा. ज्याच्या नशिबात जो ढीग येईल तो त्याचा. दुखावलेल्या घराचा हात खोटं करत नाही, असं आमच्यात मानतात.

एकसष्ट साली बांगडा एवढा आला की मीठ कमी पडलं. वाडीत कधी नव्हे तो पैसा दिसला. नेमका त्याच वेळी माझा मेव्हणा मुंबईहून बोटीने आला. तो फोर्टात अपरान्त इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट नावाच्या पेढीत कारकून होता. त्याने मला समजावलं. हजारो लोकांकडून थोडे थोडे पैसे घ्यायचे, त्यांतून पन्नास कंपन्यांचे शेअर घ्यायचे. एक कंपनी बुडाली तर बाकीच्या तारतात. लोकांना दहा रुपयाला एक युनिट द्यायचं. युनिटचा भाव शेअरांबरोबर वरखाली होणार, आणि वाटेल तेव्हा त्या दिवसाच्या भावाने ट्रस्ट युनिट परत घेणार. मला एजंट केलं. विकलेल्या युनिटमागे आठ आणे.

आता हे चाळीस घरांना सांगायचं कसं? देवळासमोर सगळे बसले होते. माझ्या जिभेवर सरस्वती नाचली म्हणा, नाहीतर अवदसा. मी म्हटलं, "ही मुंबयची रापण आसा. तुमी हयसून दोर धरायचो. जाळां तेंचां, मेहनत तेंची. तुमचो वाटो तुमका घरात येतलो."

रापण म्हटल्यावर कळायचं काय राहिलं! आमचा तांडेल दाजी, म्हणजे रापणीचा मुखत्यार, सत्तरीचा माणूस. त्याने पहिली दहा युनिटं घेतली. मग बाकीच्यांनी कोणी पाच, कोणी पंचवीस. मी स्वतः पन्नास घेतली, म्हणजे लोकांचा विश्वास बसावा. सर्वांत जास्त घेतली शिवाने, साठ. स्वतःची होडी बांधायची म्हणून लग्नापासून साठवलेले सहाशे रुपये त्याने माझ्या हातात दिले, युनिटं बायकोच्या नावावर. त्याची बायको यशोदा मालवणच्या बाजारात मासे विकायची. ती तेवढी म्हणाली, "मास्तरानू, म्हावरा इकूक गेलंय तर संध्याकाळपर्यंत पैशे हातात येतत. ह्येचे कधी येतले?" मी हसलो. बाकीचेही हसले.

मला कमिशनचे साडेतीनशे मिळाले. घरावर मंगलोरी कौलं चढवली.

बासष्टच्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. त्याच आठवड्यात मेव्हण्याचं पत्र आलं. दोन ओळींचं. "बाजार कोसळणार. आधी स्वतःचे काढा, मग लोकांना सांगा." त्यातलं पहिलं काम मी चोवीस तारखेला केलं. कागद भरला, सही केली, मालवणच्या पोस्टातून रजिस्टरने पाठवला. नऊ रुपये सत्तर नये पैशांनी माझी पन्नास युनिटं गेली. चारशे पंचाऐंशी रुपये आले, ते मी कट्टा गावच्या पोस्टात नेऊन ठेवले. तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं. दुसरं काम करायला मी देवळासमोर गेलोही होतो. देवाशपथ गेलो होतो.

पण दाजी आधीच बोलायला उभा राहिला होता. ट्रस्टचं कार्ड दर शनिवारी यायचं आणि मी सोसायटीच्या दारावर खडूने भाव लिहायचो. तो उतरलेला सगळ्यांनी पाहिला होता. कोणीतरी विकायची भाषा काढली होती. दाजीने काठी आपटली. "मास्तरानी सांगलां ता विसारलास? ही मुंबयची रापण. लाट मोठी इली म्हणान कोण दोर सोडता? आमचे एकेचाळीस हात एका दोराक आसत. एकान सोडलो तर धा जणांचे हात सोलतत. कोणी सोडूचो नाय. जो सोडीत, तेचो वाटो वाळयेर."

सगळ्यांनी मान डोलावली. मीही.

वास्तविक तिथल्या तिथे उठून सांगायला हवं होतं, की बाबांनो, युनिटला दोर नसतो. तुम्ही सोडलंत म्हणून शेजाऱ्याचा हात सोलत नाही. प्रत्येकाचं ज्याचं त्याचं आहे. पण तसं सांगायचं तर मी कधी सोडलं तेही सांगावं लागलं असतं. शिवाय एक कलम होतं. दोन वर्षांच्या आत युनिटं परत गेली तर एजंटचं कमिशन कापून घेणार. कौलं काय छपरावरून काढून देणार होतो? दगडाखाली हात माझा होता, आणि दगडही मीच ठेवलेला.

शिवा तेव्हा खोकत होता, पण रापणीवर येत होता. तुळशीच्या लग्नानंतर यशोदा त्याला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेली आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सरळ माझ्याकडे आली. मी वाचून दाखवली. एका बाजूचं फुप्फुस गेलं होतं, दुसरं चांगलं होतं. महिन्याभरात ऑपरेशन केलं तर माणूस हाती लागेल. औषधपाणी आणि तीन महिन्यांचं राहणं धरून साडेचारशे रुपये.

त्या शनिवारी दारावर आठ रुपये लिहिलेले होते. साठ युनिटांचे चारशे ऐंशी. हिशेब करायला मास्तर लागत नव्हता. माशांच्या पाट्या मोजणाऱ्या त्या बाईने वाटेतच तो केला होता.

"माका माजे युनिट सोडूचे आसत," ती म्हणाली. "हयसर आंगठो लावतंय. तुमची सही होयी ना?"

सही हवीच होती. अंगठ्याला एजंटची साक्ष लागायची.

माझी एक खोड आहे. लबाडी करायची झाली की माझी भाषा आपोआप कचेरीतली होते. मी म्हणालो, "यशोदाबाई, बाजारात चढउतार होतच असतात. या भावाने विकणं म्हणजे हातानं नुकसान ओढवून घेणं आहे. आणि वाडीचा ठराव झालेला आहे. दोन महिने थांबा, भाव पूर्ववत होतील."

ती चकित होऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिली. जन्मभर मी तिला 'यशोदे' म्हणत आलो होतो.

"भाव उतराक लागलो की आमी माशेवाल्यो इकून मोकळ्यो जातो, मास्तरानू," ती हळूच म्हणाली.

"मासे कुसतात. युनिट कुसत नाही."

"युनिट कुसाचां नाय, ता खरां. पण माजो घोव कुसता. आज तो आपल्या पायान मिरजेक जायत. दोन म्हयन्यान जायत काय?"

मी ठरावाबद्दल पुन्हा बोललो. सगळी वाडी धरून आहे, तूच सोडलंस तर शिवाचा वाटा वाळूवर पडेल, त्याला ते सोसेल का, असंही बोललो. हे शेवटचं मी जाणूनबुजून बोललो, कारण शिवा कसा आहे ते मला ठाऊक होतं. तो मरण पत्करील, पण दोर सोडल्याचा डाग पत्करणार नाही. तिलाही ते ठाऊक होतं. तिने चिठ्ठीची घडी घातली, कनवटीला लावली.

"मगे तुमी सांगतास तर रवतंय," ती म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा होतो. हाक मारायला तेवढा वेळ पुरेसा होता.

लढाई थांबली तसा भाव थोडा सावरला, साडेआठवर गेला. मी दारावर तो आकडा जरा मोठा लिहिला. त्या वर्षी बांगड्याने पाठ फिरवली होती. रापण ओढून ओढून वर यायची ती शेवाळ आणि चार तारल्या घेऊन. यशोदाने कानातली कुडी मोडून शिवाच्या सुया चालू ठेवल्या. पौषात तो रापणीवर यायचा थांबला. तरी ओढणाऱ्यांचा आवाज आला की अंगणात येऊन बसायचा आणि तिथूनच "हय्या हय्या" करायचा. मी त्या वाटेने जाणं टाळत होतो.

फेब्रुवारीअखेर दिल्लीच्या बजेटात कंपन्यांच्या नफ्यावर नवा कर बसला आणि मार्चात बाजार दुसऱ्यांदा आपटला. मार्चच्या शेवटच्या शनिवारी दारावर पाच रुपये ऐंशी. या वेळी यशोदाने विचारलं नाही. दाजीलाच घेऊन आली. दाजीचा आवाज बसला होता. "मास्तर, तिचे सोडून टाका. रापणीन तिका मोकळीक दिली. शिवाचो वाटो वाळयेर पडूचो नाय, मी सांगतंय." वाडीने पन्नास रुपये जमवले होते, दुसरी कुडी मोडून साठ आले होते. साठ युनिटांचे तीनशे अठ्ठेचाळीस. सगळे मिळून चारशे अठ्ठावन्न. पुरत होते! मी त्याच दुपारी सही केली आणि स्वतः मालवणला चालत जाऊन कागद रजिस्टर केला. एवढी घाई मी दुसऱ्यांदा करत होतो.

पंधरा दिवसांनी छापील पत्र आलं. 'बाजारातील असाधारण परिस्थितीमुळे एक एप्रिलपासून युनिटांची फेरखरेदी पुढील सूचनेपर्यंत स्थगित करण्यात आली आहे.' आमचा कागद तीन तारखेला पोचला होता.

कट्ट्याच्या पोस्टात माझे चारशे पंचाऐंशी होते. ते काढून तिला दिले असते तर? हा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही, म्हणून मीच विचारतो. दिले असते तर हे कुठले, असं वाडीने विचारलं असतं. तेवढ्याच भीतीने दिले नाहीत. दुसरं काही कारण नव्हतं. कितीही शोधलं तरी सापडत नाही.

शिवा वैशाखात गेला. पहाटे गेला, दुपारी भरतीच्या आत उचलला. पुढे डाव्या बाजूला दाजीचा मुलगा लवू होता आणि उजव्या बाजूला मी. मी आपण होऊन पुढे झालो. लोक म्हणाले, मास्तरांचा किती जीव शिवावर.

नारळी पुनवेनंतर रापण पुन्हा सुरू झाली आणि रीतीप्रमाणे शिंपल्यांची करवंटी यशोदेकडे आली. शिवाचा वाटा तिच्या नावाने चालू झाला. ढिगांकडे पाठ करून ती एकेक शिंपला मागे द्यायची. तिला खुणा बघाव्याही लागत नव्हत्या, बोटांना कळायच्या.

त्रेसष्टच्या नोव्हेंबरात ट्रस्टने कारभार गुंडाळला. जे उरलं ते वाटून टाकलं. युनिटमागे तीन रुपये दहा नये पैसे. एका जाड लिफाफ्यात नावानावाचे चेक आले. दाजी म्हणाला, रापणीचे पैसे आहेत, रापणीच्या रीतीनेच वाटूया. सगळे वाळूवर बसले. मी एकेक नाव वाचायचं, चेक द्यायचा, आणि यशोदाने त्याचा शिंपला करवंटीतून काढून समोर मांडायचा, म्हणजे कोणी राहायला नको.

पुढे काय होणार ते मला दिसत होतं. आदल्या रात्री मी सतरा थापा जुळवून पाहिल्या होत्या. पण चेक काय तोंडाने छापता येतो?

दाजी, दहा युनिटं, एकतीस रुपये. शेंदराचा शिंपला. लवू, पाच युनिटं. भोकाचा. असं करत करत चाळीस. यशोदेचा चेक शेवटी होता, एकशे शहाऐंशी रुपयांचा. तिने तो वाळूवर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर शिवाचा दोन खाचांचा शिंपला ठेवला, आणि करवंटीत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर शाईचा ठिपका होता.

"एक शिंपलो उरलो," ती म्हणाली.

दाजी भला माणूस. तोच म्हणाला, "मास्तरांचो आसा तो. तेंचो चेक मागसून येतलो आसात. पन्नास युनिट होते तेंचे."

सुटकेचं दार उघडं होतं, मला नुसतं बाहेर पडायचं होतं. मी म्हणालो, "होय. एजंटांचे चेक स्वतंत्रपणे पाठवण्यात येणार आहेत, असं ट्रस्टकडून कळवण्यात आलेलं आहे."

यशोदाने मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

"मास्तरानू," ती म्हणाली, "मी मिरजेची चिठ्ठी घेवन इलंय, त्या दिसाक तुमी असांच बोललास."

तिने शाईचा शिंपला माझ्यासमोर वाळूवर ठेवला. 

"दोर कधी सोडलास?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. माशाचा भाव विचारावा तसं विचारलं.

मला वाटतं, मी थकलो होतो. वर्षभर दर शनिवारी खडू घेऊन त्या दारासमोर उभं राहायचं सोपं नव्हतं. पण ही सबब झाली. मी खरं ते सांगितलं.

"चोवीस ऑक्टोबराक."

"म्हणजे दिवाळेच्या आदी." तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "ह्या दाजीन देवळाकडे सांगलां, त्येच्याय आदी. तेव्हा शिवा रापणीर येय होतो."

"यशोदे," मी म्हणालो, "ते पैशे आसत. कट्ट्याक पोस्टात आसत. सगळे तुका दितंय. आत्ता जावन हाडतंय."

तिने माझं बोलणं ऐकलंच नाही. ती दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होती. मग एकदम तिच्या तोंडून आलं, "आणि तुमी तेका खांदो दिलास!"

तेव्हा कुठे तिचा आवाज फुटला. नवरा गेला त्या दिवशी ती अशी रडली नव्हती. बायकांनी तिला धरून नेलं. पुरुष आपापले चेक घेऊन उठले. दाजी सर्वांत मागून उठला. माझ्याकडे न बघता काठीने वाळूत एक रेघ ओढली, पायाने पुसली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी रापणीला मासळी लागली. वर्षात लागली नव्हती एवढी. एकेचाळीस ढीग घातले. यशोदाने नेहमीप्रमाणे पाठ करून शिंपले मागे दिले, डोळ्यांवर पदर बांधून, म्हणजे कोणी संशय घेऊ नये. शाईचा शिंपला सर्वांत चांगल्या ढिगावर गेला. हातभर लांब दोन सुरमया होत्या त्यात. बाकीच्यांनी आपापले ढीग पाट्यांत भरले आणि पाठ फिरवून चालू लागले. मी उभा राहिलो. कावळे आधी लांबून बघत होते, मग जवळ आले.

मला वाटलं होतं, एक दिवस. रीत एका दिवसाची आहे. पण तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशीही माझा ढीग वाळूवर तसाच होता, शिंपला वर ठेवलेला. ठराव कोणी केला नाही. कोणी काही बोललंही नाही.

कट्ट्याचे पैसे मी काढून यशोदेच्या दारात ठेवले होते. सकाळी ते माझ्या दारात होते. पुन्हा ठेवले, पुन्हा आले. आता ते परत कट्ट्याच्या पोस्टात आहेत, व्याज चढतं आहे.

त्याला तीन वर्षं होतील. वेंगुर्ल्याला माझी बदली होत होती, मी नको म्हटलं. मुलं शाळेत येतात, पाढे म्हणतात, गणितं चुकवतात. त्यांचे आईबाप माझ्याशी 'होय' आणि 'नाय' एवढंच बोलतात. वर्ष उलटलं तरी शिंपल्यांची करवंटी वाडीने यशोदेकडेच ठेवली आहे. रापण असेल त्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर जातो. तोवर ढिगाची फक्त हाडं उरलेली असतात. मी शिंपला तेवढा उचलतो, समुद्रात धुतो आणि यशोदेच्या ओट्यावरच्या करवंटीत नेऊन टाकतो. तो नसला तर दुसऱ्या दिवशी वाटे जमायचे नाहीत.